खाणीवरची मुलं शाळेत घालायची आहेत ना?

पहिल्याच रविवारी फळा-खडू घेऊन नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या दगडखाणीवर जाऊ नकोस. आधी दोन-चार संध्याकाळी नुसती जाऊन बस. पाणी कोण भरतं, कोणाच्या घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात, कोणाच्या कन्नड, हे कळू दे. थोरली मुलगी घरी असते ती बहुतेकदा अभ्यासाच्या भीतीने नाही, धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नसतं म्हणून. त्या धाकट्याला तीन वर्षं झाली असतील तर अंगणवाडीत सोय लाव, थोरली मोकळी होते.

मग महापालिकेची शाळा. 'जन्मदाखला आणा' हे ऐकायला मिळू शकतं. भांडू नकोस. (मी पहिल्या वर्षी भांडले, प्रवेशही गेला आणि बोलणंही तुटलं.) 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 शांतपणे पुढे ठेव: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी कलम 5 प्रमाणे अडवता येत नाही. आणि दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवू देऊ नकोस. कलम 4 त्याला वयानुरूप वर्ग देतं, शिवाय मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्क. तो अर्ज लेखी दे, पोच घे. तोंडी राहिलं की राहतंच.

हंगाम संपला की कुटुंबं गावी जातात. निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड) मागून घ्यायला आईबापांना सांग. मुकादमाचा फोन नंबरही तुझ्याकडे असू दे, कोण कधी परतलं हे त्यालाच आधी कळतं.