२०१३ची क्लासिक ३५० : सत्तर हजार घालायचे की नवी घ्यायची?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. रॉयल एनफील्डची २०१३ची क्लासिक ३५०, ६२ हजार किलोमीटर झालेली, आणि दर महिन्याला कराडहून कुंभार्ली घाटाने गुहागरला जाणं-येणं. ऐंशीच्या पुढे गेलं की हातापायाला मुंग्या येतात, घाट उतरताना ब्रेकचा भरवसा वाटत नाही, रात्री समोरचं नीट दिसत नाही. एका वर्कशॉपवाल्याने मागची डिस्क, गॅस शॉक, एलईडी हेडलाइट, अलॉय आणि सायलेन्सर असं सगळं मिळून ७० हजारांचं कोटेशन दिलंय. ते करावं की गाडी विकून नवी क्लासिक घ्यावी, हा प्रश्न.

माझ्या मते ते सत्तर हजार घालू नका. नवी गाडीही या महिन्यात बुक करू नका. आधी पंधरा-अठरा हजारांत आहे ती गाडी मूळपदावर आणा आणि तीच घेऊन दोनदा घाट उतरून या. तुम्ही सध्या जिला जुनी गाडी म्हणताय ती जुनी कमी आणि झिजलेली जास्त आहे.

ब्रेकचंच घ्या. घरीच बघता येईल. मागचा ब्रेक दाबा आणि ड्रमच्या बाहेरचा लिव्हर बघा. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि रॉड यांच्यातला कोन काटकोनाच्या पुढे जात असेल तर शू संपलेत. नट आवळत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या डिस्कचं ऑइल शेवटचं कधी बदललं? डॉट ४ हे ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते हवेतली ओल ओढतं, मग लांब उतारावर तापलं की लिव्हर स्पंजासारखा आत जातो आणि आपण म्हणतो गाडीचे ब्रेकच कमजोर. रबरी होजही इतक्या वर्षांत फुगतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही उरलेली असली तरी असला टायर पावसाळ्यात घाटात नको.

आता कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. हा मी मुद्दाम वेगळा सांगतोय, कारण वळणावर गाडी 'पडते' असंही तुम्ही लिहिलंय. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. हँडल एका बोटाने सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. मधोमध आल्यावर खोबणीत बसल्यासारखं अडकलं की समजायचं, कोनसेट गेला. मग खाली बसून दोन्ही फोर्क तळाशी धरा आणि पुढे-मागे हलवा. बारीक टक् टक् हाताला जाणवली तर तो ढिलाही आहे. तसंच मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या सांध्यातले, बुश बघा. आमच्या फिटरचा नियम आहे, शॉकला शिव्या घालायच्या आधी बुश बघा. तुमचे गॅस शॉकचे पैसे बहुतेक इथेच वाचतील.

हेडलाइटसाठी एलईडी लागत नाही. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा आहे, पण जुन्या वायरिंगमधून त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही. रिले घातलेलं हार्नेस आणि चांगल्या कंपनीचा त्याच वॉटचा बल्ब टाका, फरक पहिल्याच रात्री कळेल. १००/९०चा बल्ब कोणी सुचवला तर नको म्हणा, होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी घातला की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यात जातो.

राहिल्या मुंग्या. इथे मात्र पैसे घालून उपयोग नाही. तुमचं यूसीई इंजिन ३४६ सीसीचं, पुशरॉडवालं आणि बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर मारणारा दांडा, नसलेलं. हँडलला वजनं लावा, ग्रिप जाड घ्या, थोडं कमी वाटेल एवढंच. नोव्हेंबर २०२०ला त्याच कंपनीच्या मीटिअरबरोबर आलेल्या आणि सप्टेंबर २०२१ला क्लासिकला बसलेल्या ३४९ सीसीच्या इंजिनात बॅलन्सर आहे, फ्रेमही नवी, दोन डाउनट्यूबची. कागदावर ताकद १९.८ची २०.२ बीएचपी झाली, टॉर्क उलट २८चा २७ झाला, वजनही जवळपास तेवढंच. म्हणजे पळायला नवी घेत असाल तर निराश व्हाल. पण नव्वदला तासभर चालवून उतरल्यावर बोटं आपली वाटतात, हा फरक खरा आहे. टेस्ट राइड शोरूमच्या चौकापर्यंत घेऊ नका, हायवेला अर्धा तास मागा.

जुन्या गाडीत पैसे घालून न मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे एबीएस, ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो १ एप्रिल २०१९पासून सक्तीचा झाला. तुमच्या गाडीला नाही आणि बाहेरून बसवण्याजोगाही नाही. आणि वर्कशॉपवाला जी मागची डिस्क बसवणार आहे ती एबीएसशिवायची. ओल्या कुंभार्लीत घाबरून मागचा पाय दाबला तर ड्रमपेक्षा आधी चाक लॉक होईल. वर स्विंग आर्म, हब सगळं बदलावं लागतं. मूळ रचनेत असा बदल कायद्याला मंजूर नाही, विम्याचा क्लेम आला तर सर्व्हेयर त्यावरच बोट ठेवतो.

माझीच फजिती सांगतो. माझ्या २०११च्या गाडीला मी हौसेने फ्री-फ्लो सायलेन्सर, रुंद अलॉय, गॅस शॉक असे हप्त्याहप्त्याने साठेक हजार घातले. जेटिंग, म्हणजे त्याप्रमाणे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण जुळवणं, केलंच नाही; प्लग पांढराफटक, इंजिन तापायचं. विकायच्या वेळी एक सोलापूरचे गृहस्थ आले, शांतपणे गाडीभोवती फिरले आणि पहिलाच प्रश्न, "ओरिजिनल सायलेन्सर आहे का?" तो मी केव्हाच भंगारात दिला होता. त्यांनी पाच हजार कापले. अलॉयचा एक रुपया मिळाला नाही.

आता हिशेब. तुमची आरसी २०२८ला पंधरा वर्षांची होईल. म्हणजे गाडी भंगार होते असं नाही, आरटीओत फिटनेस, फी आणि हरित कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. पण गिऱ्हाईक ती तारीख बघूनच भाव करतं, त्यामुळे विकायचीच असेल तर शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका. सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८चा १८ टक्के झाला, म्हणून नवी क्लासिक आता पूर्वीइतकी दूर नाही. तरी ऑन-रोड सव्वादोन लाखांच्या आसपास धरा. १ लाख ६० हजारांचं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण ५,२४० आणि व्याज साडेअठ्ठावीस हजार. एवढ्या व्याजात तुमची आताची गाडी दीडदा ठाकठीक होते. त्याच कंपनीच्या मोठ्या हिमालयन ४५०चा विषय तुम्ही शेवटी हळूच काढलाय, पण ३५०च्या वर जीएसटी ४० टक्के आणि थर्ड पार्टी विमाही वरच्या स्लॅबचा. महिन्यातून एकदा गुहागरसाठी मला ते पटत नाही.

मधला रस्ता तुम्ही विचारलाच नाही: दोन-तीन वर्षं वापरलेली नवी क्लासिक. मी तुमच्या जागी असतो तर तीच शोधली असती. बघताना एक सांभाळा, सगळ्यात स्वस्त रेडिच व्हेरियंटला मागे ड्रम आणि सिंगल चॅनल एबीएस आहे. तुम्हाला दोन्ही चाकांना एबीएस असलेली, ड्युअल चॅनलवालीच हवी, नाहीतर बदलून काय मिळवलं? आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्या डोळ्यांसमोर. आणि फुल इन्शुरन्स चालू ठेवला असेल तर नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विमा हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. हे एजंट आपणहून सांगत नाहीत.

गाडी ठेवायचं ठरलं तर दोन सवयी लावा. कार्ब्युरेटरवाली गाडी आहे आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, तेव्हा पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरचे ओ-रिंग बदलून घ्या. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर उभी ठेवू नका, पाणी धरतं. आणि बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारत बसू नका, यूसीईचा स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची ताकद इंजिनाला जोडणारा भाग, तिथेच जातो आणि तो खर्चिक आहे. किक मारा. नव्या क्लासिकला किकच नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा; आमच्याकडे त्यावरून आठवडाभर अबोला होता.

कामाचा क्रम विचाराल तर टायर, ब्रेक, कोनसेट, मग चेनसेट आणि हबचे रबर, शेवटी हेडलाइटचं हार्नेस. यातलं काहीच वाया जात नाही, उद्या विकलीत तरी चालवून बघणाऱ्याला फरक कळतो. घाट उतरून आलात की इथेच कळवा. आणि मूळ सायलेन्सर, आरसे, इंडिकेटर जे काही माळ्यावर असेल ते तिथेच राहू द्या.