घरखर्चाचं विचारा: भिशी उचलली आणि दोन हजार बंद झाले

या खेपेला पत्रं भरपूर आलीत, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं आहे, सरकारकडून काहीतरी यायचं ते बंद झालं किंवा कमी झालं आणि महिना बसत नाही. सगळी छापणं शक्य नाही, तीन घेतलीत. पहिलं जरा लांब आहे पण मी मुद्दाम कापलं नाही, कारण त्यात आकडे खरे लिहिलेत, आणि आकडे खरे लिहिणाऱ्या बायका कमीच असतात.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत, हातात 31,500 येतात. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते, त्याचे सरासरी 4,500 धरा, लग्नसराईत जास्त आणि आषाढात जवळजवळ शून्य. खर्च असा आहे, घराचा हप्ता 9,800, दोन मुलांची फी महिन्यावर काढली तर 5,000 आणि व्हॅन 1,600, किराणा-गॅस 8,400, दूध 2,100, भाजी-अंडी-मटण 3,000, सासूबाईंच्या गोळ्या 1,800, पेट्रोल 2,400, एलआयसी 1,650, लाईट-मोबाईल-केबल 1,100 आणि भिशी 2,000. बेरीज केली तर 38,850 होते, म्हणजे दर महिन्याला 2,850 कमी पडतात. आधी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2,000 यायचे तेव्हा कसंबसं भागायचं. त्याच भरवशावर मी वीस जणींची भिशी धरली, सातवा नंबर लागला, 40,000 उचलले, त्यात मुलीची फी भरली आणि वॉशिंग मशीन घेतलं. अजून 11 हप्ते भरायचेत आणि दोन हजार बंद झालेत. चौकशी केली तर म्हणे तुमचे मिस्टर इन्कम टॅक्स भरतात. अहो त्यांनी फक्त होम लोनसाठी रिटर्न फाईल केलं होतं, टॅक्स एक रुपया भरला नाही! त्यात एप्रिलला लाईट बिल 206 युनिटचं आलं ते सोळाशेच्या वर. मिस्टर म्हणतात एक एजंट पाच हजारात बीपीएल कार्ड करून देतो ते करूया. काय करू कळतच नाही बगा. (एक गृहिणी, शहापूर)

उत्तर: पहिल्यांदा एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. बीपीएलची मर्यादा वर्षाला 1 लाख 20 हजार आहे, म्हणजे महिन्याला दहा हजार, आणि तुमच्या घरात त्याच्या तिप्पट पगार बँकेतून येतोय, तो कुठं लपवणार? नोव्हेंबर 2024 मध्ये कार्डं रद्द झाली तेव्हा राज्यभर केवढा गोंधळ झाला आठवतंय ना? पाच हजार जातील ते जातील आणि वर खोट्या कागदावर सही तुमची असेल, एजंटाची नव्हे. आणि मुख्य म्हणजे गृहलक्ष्मीला बीपीएल लागतच नाही, एपीएलवाल्यांनाही मिळते, रेशन कार्डावर घरची प्रमुख म्हणून बाईचं नाव पाहिजे एवढंच. तुमचं अडलंय ते टॅक्सच्या अटीत.

आता अट काय आहे ते नीट बघा. बाई किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल किंवा जीएसटीचं रिटर्न भरत असेल तर गृहलक्ष्मी नाही. तुमच्या मिस्टरांचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे, टॅक्स शून्य, पण लोनसाठी रिटर्न भरलं म्हणून नाव यादीत चढलं असणार. असं खूप जणींचं झालंय, बँकवाले रिटर्न मागतात, आपण सीएकडं जाऊन पाचशे-हजार देऊन भरतो आणि तिकडं दोन हजार बंद. मिस्टरांच्या रिटर्नची पोचपावती काढा, त्यावर भरलेला टॅक्स शून्य दिसतो, त्याची झेरॉक्स, शक्य असेल तर सीएचं पत्र, रेशन कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि पासबुक घेऊन महिला व बालकल्याण खात्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसात अर्ज द्या. अर्ज कन्नडात लिहून न्या, तुमची मुलगी शाळेत कन्नड शिकतेच की, तिच्याकडून लिहून घ्या. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नका. माझ्या ओळखीतल्या दोघींनी हे केलं, एकीचे सुरू झाले, दुसरी अजून खेटे घालतेय, म्हणून पैसे येतील तेव्हा येतील असंच धरून चाला.

आता तुम्हाला थोडं लागेल असं बोलते. मी सत्तावीस वर्षं क्रेडिट सोसायटीत काउंटरला बसलेय, पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची ठेव), भिशी, हप्ते सगळं जवळून बघितलंय. चूक भिशी धरण्यात नाही, भिशी चांगलीच. चूक ही झाली की जो पैसा कधी येतो, कधी दोन-दोन महिने येत नाही, मग एकदम येतो, अशा पैशाला तुम्ही दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा हप्ता बांधलात. हे म्हणजे वळवाच्या पावसावर ऊस लावल्यासारखं. सरकारी पैसा आला तर त्यातून रेनकोट घ्या, वह्या घ्या, दाताच्या डॉक्टरकडं जा, एकरकमी आणि सोडून देता येईल असं काहीतरी, पण त्याच्या जिवावर हप्ता, फी, भिशी धरू नका. आणि गंमत बघा, दोन हजारांनी भिशी आणली, भिशीनं मशीन आणलं आणि मशीननं मीटर पळवला.

त्या मीटरचं आधी निस्तरू, कारण तिथं लगेच फरक पडतो. गृहज्योती या कर्नाटकच्या फुकट विजेच्या योजनेत 200 युनिट सरसकट फुकट आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. 2022-23 मध्ये तुमची महिन्याची जी सरासरी होती तिच्यात दहा टक्के मिळवून तुमचा कोटा ठरलाय. समजा सरासरी 128 होती, तर कोटा साधारण 140. तेवढ्यात राहिलात तर झिरो बिल, 140 ते 200 मध्ये गेलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 च्या पुढं एक युनिट जरी गेलं तरी सगळ्याच युनिटांचं बिल तुमच्या अंगावर. तुम्ही 206 केलेत, म्हणजे सहा युनिटांनी घात केला, 199 वर थांबला असतात तर चारशेच्या आसपास आलं असतं. त्यात एप्रिल 2025 पासून हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलात पेन्शन-ग्रॅच्युइटीचे म्हणून युनिटमागं जादा पैसे लागतात, 2025-26 साठी ते 36 पैसे होते. तेव्हा रीडिंगवाला यायच्या आठ दिवस आधी मीटर बघा, मागच्या बिलावरचा आकडा वजा करा, 150 च्या पुढं दिसलं तर तो आठवडा मशीनचं गरम पाण्याचं बटण बंद, इस्त्री एकाच दिवशी. आमच्या घरी फ्रिजवर कॅलेंडर आहे त्यावरच मी आकडा लिहिते, नातू हसतो, हसू दे.

बाकी यादीत मला दोन गोष्टी खटकल्या. शहापूर ते उद्यमबाग जाऊन-येऊन दहा किलोमीटर होत नाहीत, मग 2,400 चं पेट्रोल जातं कुठं? मी विचारत नाही, तुम्ही विचारा, प्रेमानं विचारा. एवढ्या पेट्रोलमध्ये बाईक हजार किलोमीटर पळते. निदान तुम्ही बाजारात जाताना सिटी बसनं जा, 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेचं झिरो तिकीट आहे, ते अजून बंद झालेलं नाही. दुसरं सासूबाईंच्या गोळ्या. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात बघा, माझ्या आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या 1,400 वरून 500 च्या आसपास आल्या. या दोन्हीत मिळून दीड-दोन हजार सुटायला हरकत नाही. दुधात मात्र काटकसर करू नका, मुलं वाढीची आहेत. नंदिनी दूधवाल्यांनी एप्रिल 2025 मध्ये लिटरला चार रुपये वाढवले, तुमच्या दीड लिटरला त्याचे महिन्याला 180 होतात, ते सोसायचे. गॅसच्या सबसिडीची वाट तर बघूच नका, 2020 पासून आपल्यासारख्यांच्या खात्यात ती येत नाही, उज्ज्वलावाल्यांनाच तेवढी मिळते.

भिशीचे 11 हप्ते म्हणजे 22,000, ते चुकवायचे नाहीत, त्या वीस जणींत उद्या तुम्हाला उभं राहायचंय. दिवाळीला बोनस किंवा काही मिळत असेल तर आधी त्यातले पाच-सहा हप्ते वेगळे काढून ठेवा, मग कपडे. आणि भिशी संपली की लगेच दुसरी धरू नका, शिलाईच्या पैशातून रोज 60 रुपयांची पिग्मी लावा, महिन्याला 1,800, वर्षाला साडेएकवीस हजारांच्या वर होतात, ते जूनच्या फीला. पिग्मी मध्येच मोडली तर व्याज हाताला लागत नाही, म्हणून सुरू करतानाच पुस्तकावर ‘जून, फी’ असं लिहून ठेवा.

अजून एक, तुमच्या यादीत गणपती नाही! दवाखाना नाही, लग्नाचे आहेर नाहीत, गावाकडची जत्रा नाही. म्हणजे 2,850 चा खड्डा हा कमीत कमी आहे. मुलाला खासगी शाळेत आरटीईची फुकट सीट मिळाली नाही का असं विचारणार होते, पण 2019 पासून आपल्याकडं जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीई लागू होत नाही, म्हणजे शहरात जवळजवळ बंदच. धाकटा तिसरी-चौथीत असेल तर जवळच्या अनुदानित मराठी शाळेत एकदा डोकावून या एवढंच म्हणते, माझा आग्रह नाही.

प्रश्न: मी खानापूरचा, वय 68, खासगी कंपनीतून रिटायर. पीएफची पेन्शन 1,900 येते. नऊ लाख रुपये आहेत ते सगळे एका सोसायटीत साडेनऊ टक्क्यांनी ठेवलेत. मुलगा पुण्याला, वर्षातून तीनदा दोघं रेल्वेनं जातो, पूर्वी सवलत होती ती गेली. व्याजात भागत नाही, आणखी जास्त व्याज देणारी सोसायटी सुचवा.

उत्तर: काका, सुचवणार नाही. मी स्वतः सोसायटीत नोकरी केली म्हणूनच सांगते, नऊ लाख एकाच ठिकाणी ठेवलेत हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा असतो, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. बोर्डावर ‘सहकारी’ दोन्हीकडं लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात. तुमची सोसायटी चांगलीच असेल, पण मुदत संपेल तशी ठेव काढून सहा लाख तरी पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेत टाका. एप्रिल 2023 ला तिचा दर 8.2 टक्के झाला, तो धरला तर दर तीन महिन्यांनी 12,300 येतात, म्हणजे महिन्याला 4,100, आणि खातं उघडता त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. सोसायटीपेक्षा वर्षाला 7,800 कमी मिळतील. रात्री झोप लागते त्याची ती किंमत समजा.

रेल्वेचं खरं आहे, पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के सूट होती, मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच. तीनदा जाण्यापेक्षा एकदा जाऊन महिनाभर राहा, सूनबाईंना विचारून हां.

प्रश्न: मी निपाणीची. माझी बहीण कोल्हापूरला दिली आहे, तिला लाडकी बहीणचे 1,500 येतात. दाजी म्हणतात तुझं नाव आमच्या रेशन कार्डावर चढवतो, तुलाही येतील. आपण मराठीच आहोत, मग आपल्याला का नको?

उत्तर: प्रश्नाचा दुसरा भाग काळजाला भिडला पण पहिल्याला उत्तर नाही असंच आहे. लाडकी बहीणला महाराष्ट्राची रहिवासी असावं लागतं, आणि तिकडच्या कार्डावर चढायचं तर इकडच्या कार्डावरून नाव कमी करावं लागतं. सगळं आधारला जोडलेलं आहे, दोन्हीकडं नाव ठेवलं तर कधीतरी सापडणारच. म्हणजे 1,500 साठी इथले गृहलक्ष्मीचे 2,000 घालवायचे, हा कुठला हिशोब? उद्या दवाखान्याचा प्रश्न आला की अजून गुंता. आता सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं महाराष्ट्रानं 2023 मध्ये ठरवलं, त्यावर कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला, आपल्या नशिबाला हे दोन्हीकडचं ओढणं कायमचंच आहे. तुमचं गाव त्या यादीत असेल तर ऑपरेशन ठरायच्या आधीच कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या माणसाला, आपलं कार्ड दाखवून विचारा, ॲडमिट झाल्यावर नको.

बहिणीकडं मात्र जरूर जा. कर्नाटकची आंतरराज्य गाडी असेल तर शक्तीचं झिरो तिकीट चालत नाही, महाराष्ट्राच्या लाल परीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं, तेव्हा सुट्टे पैसे जवळ ठेवा. आणि दाजींना सांगा, कार्डाचं राहू दे, पुढच्या वेळी येताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तेवढा पाच किलो घेऊन या.