बटण लावताना त्याला ऐकू येत नाही

“मॅडम, हा पाच मिनिटं एका जागी टेकत नाही. पेन्सिल हातात दिली की भिरकावतो. मोठ्या शाळेत गेल्यावर याचं कसं व्हायचं?” साडेचार वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरी त्यावर उपाय सुरू झाला होता: रोज पाऊण तास ओळी गिरवायच्या, आणि त्या पूर्ण होईपर्यंत मैदान बंद.

आम्ही बोलत असताना चिरंजीव जमिनीवर बसून जॅकेटची बटणं लावत होते. जीभ बाहेर, मान वाकडी. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. काहीतरी चुकलंय हे त्याला कळलं, पण बटण काढून परत लावायचं सुचेना. तो नुसताच कापड ओढत राहिला. आईने दोनदा हाक मारली, “अरे, मावशींना नाव सांग ना.” त्याने मानसुद्धा वर केली नाही.

“बघा! ऐकतच नाही.”

मला मात्र त्यात उद्धटपणा दिसला नाही. त्याचं सगळं लक्ष त्या काजात अडकलं होतं, हाकेसाठी काही उरलंच नव्हतं.

मनातली ऊर्मी आवरणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं, या तिन्हींना मिळून आम्ही ‘कार्यकारी कौशल्यं’ म्हणतो. ती कपाळामागच्या मेंदूच्या भागावर बरीच अवलंबून असतात, आणि हा भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते. हालचालींचा तोल आणि मेळ सांभाळतो तो मागचा लहान मेंदू. काम नवं असेल, अवघड असेल किंवा अचानक बदललं, तर हे दोन्ही भाग जोडीने राबतात, असं मुलांच्या मेंदूविकासाच्या संशोधक ॲडेल डायमंड यांनी २००० साली मांडलं. हात सरावला की कपाळामागची ही धावपळ कमी होते. आपण बोलता बोलता बटणं लावतो ते त्यामुळेच. या मुलाच्या हाताला अजून तो सराव नव्हता.

मग आम्ही उलटापालटीचा खेळ खेळलो. मी ‘डोकं’ म्हटलं की त्याने पायाची बोटं धरायची, ‘पाय’ म्हटलं की डोकं. (अशाच एका चाचणीत चुकीकडे निघालेला हात मुलाने स्वतःहून वळवला, तर त्याचाही एक गुण मिळतो. मला हे फार आवडतं.) त्याचा हात डोक्याकडे निघाला, कानापाशी थबकला आणि खाली आला. म्हणजे आवर होता! बसल्या बसल्या नुसतं तोंडाने उलटं सांगायला लावलं, तर जवळपास सगळं बरोबर. तेच जमिनीवरच्या पट्टीवरून तोल सांभाळत चालताना विचारलं, तर नियमच विसरला.

बाबांनी शंका काढली, “म्हणजे खेळून अक्षर सुधारणार?”

नाही. अक्षर काढल्यानेच येतं. पळापळ वाढवली की डोकं चालतं, असंही कुणी छातीठोक सांगू नये. अभ्यासांमध्ये या दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण तो माफक आहे, आणि कशामुळे काय होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण या वयात थांबायचा, आठवायचा, नियम बदलायचा सराव खेळातच सगळ्यात जास्त होतो. मैदान बंद करून आपण नेमका तोच काढून घेत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली किमान ६० चांगली दमवणारी.

पाऊण तासाचं गिरवणं मी बंद करायला सांगितलं. आधी मैदान, मग हवं तर पाच-सात मिनिटं खडू. घरी स्टॅच्यूचा खेळ, आणि तो जमला की नियम उलटा करायचा. बटणांसाठी जॅकेट मांडीवर पसरायचं. सुरुवातीची बटणं मोठ्यांनी लावायची, शेवटचं त्याच्यासाठी राखायचं. ते जमलं की शेवटची दोन. आणि त्याचे हात कामात असताना सूचना देऊ नका, हे मी आईला दोनदा बजावलं.

हे सगळ्याच मुलांना लागू नाही. जिना, चेंडू, चमचा, बटण, सगळीकडेच मूल वयाच्या मानाने बरंच मागे असेल, सारखं धडपडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ते गरज पडल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतात. हालचालींच्या समन्वयाची खरी अडचण साधारण ५ ते ६ टक्के मुलांत आढळते. तिचं पक्कं निदान सहसा पाच वर्षांआधी करत नाहीत, पण मदत त्याआधीही सुरू करता येते.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. पेन्सिलची टाळाटाळ अजून चालूच होती, एका जागी न टेकणंही. पण त्या सकाळी तो जॅकेट घालत असताना तिने सवयीने हाक मारली, आणि मान वर न करता तो म्हणाला, “थांब गं आई, एकच राहिलंय.”