नखरेल इटालियन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोटो गुझी, डुकाटी आणि अप्रिलिया या गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतून निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पत्रांना थोडी कात्री लावली आहे, प्रश्नांना नाही.

इटालियन गाडीला 'कॅरेक्टर' असतं असं जो तो म्हणतो. इंडिकेटर मनात आलं तर लागतो, सकाळी स्टार्ट व्हायला गाडी नाटकं करते आणि मालक कौतुकाने सांगतो, कॅरेक्टर आहे! दोष झाकायचा हा गोड शब्द नाही का?
— कोथरूड, पुणे

अर्ध्या वेळा तेच असतं. इंडिकेटर न लागणं म्हणजे खराब अर्थिंग, त्यात कॅरेक्टर कसलं? उरलेल्या अर्ध्याचा पत्ता मात्र इंजिनात नेमका सापडतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे, म्हणजे ७२० अंश झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. दोन सिलिंडर समान अंतराने पेटले तर ३६०-३६० असा एकसुरी ठेका मिळतो. डुकाटी आणि गुझी यांच्या व्ही-ट्विनमध्ये सिलिंडर ९० अंशांत असतात आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. त्यामुळे पहिल्या स्फोटानंतर २७० अंशांनी दुसरा होतो आणि मग ४५० अंशांची उसंत मिळते. स्लोवर कानाला जी लंगडी लय लागते, ती ही. आणि गंमत अशी की ठेका लंगडा असूनही हाताला मुंग्या येत नाहीत. एक पिस्टन टोकाला पोचून क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा वाटेत जवळपास पूर्ण वेगात असतो, आणि क्रँकवरचं वजन नीट बेतलं की दोघांचे मुख्य झटके तिथेच जिरतात.

आता एकाच ९० अंशांचे दोन संसार बघा. डुकाटीत इंजिनिअर फाबिओ टालिओनी यांनी हे इंजिन लांबीच्या दिशेने निजवलं. १९७१ च्या ७५० जीटीपासून पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा झाला. गाडी कमरेला बारीक झाली, पण लांबीला वाढली, आणि मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला गेल्यामुळे जास्त तापतो. गुझीत इंजिनिअर ज्यूलिओ चेझारे कार्कानो यांनी १९६७ च्या व्ही७ साठी तसंच इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने लावलं. दोन्ही हेड टाकीच्या दोन बाजूंनी वाऱ्यात आली. अशा बसवणीत क्रँक लांबीच्या दिशेने येतो, त्यामुळे मागच्या चाकाला सरळ शाफ्ट जोडता आला, चेन गेली. त्या बदल्यात काय आलं ते पुढच्याच पत्रात आहे.

मित्राच्या गुझीवर बसून न्यूट्रलमध्ये रेस दिली तर अख्खी गाडी उजवीकडे कलली. फ्रेम वाकडी असेल का?
— ठाणे

नाही, फ्रेम सरळ आहे. क्रँक आणि फ्लायव्हील एका बाजूला वेग घेतात तेव्हा गाडीला उलट्या बाजूचा झटका बसतो. क्रँक लांबीच्या दिशेने असल्यामुळे तो झटका कुशीवर येतो. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सरवाल्यांना हे अनोळखी नाही. रस्त्यावर चालत्या गाडीत फारसं जाणवतही नाही. जाणवतं ते शाफ्टचं. जुन्या गुझीत थ्रॉटल दिला की मागची बाजू उचलली जाते आणि अचानक सोडला की खाली बसते. वळणाच्या मध्यात थ्रॉटल झटक्यात बंद केला तर आधीच कललेली गाडी आणखी खाली येते, आणि तिथेच कचरायला होतं. वळणाआधी वेग कमी करा, वळणात थ्रॉटल हलका चालू ठेवा. २००५ च्या ब्रेव्हा ११०० पासून मोठ्या गाड्यांत रिअॅक्शन रॉड (हा झटका सोसणारा दांडा) असलेली शाफ्टची नवी रचना आली आणि ही खोड बरीचशी मोडली.

इथे जुनी मोटो गुझी ८५० टी३ घेतली आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि ऑइल घरी करता येईल का? गॅरेजचे दर ऐकून घाम फुटला.
— म्युनिक, जर्मनी

घरी करण्यासाठी याहून सोयीची गाडी शोधून सापडणार नाही. टाकीला हात लावायची गरज नाही. बाजूला पाटावर बसलात की हेड थेट समोर येतं.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. मेन स्टँडवर घ्या, दोन्ही प्लग काढा, पाचवा गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा, म्हणजे क्रँक फिरेल. व्हॉल्व्ह कव्हरचे अॅलन बोल्ट काढा. खाली ट्रे ठेवा, थोडं ऑइल सांडणारच. गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागावर एक रबरी बूच आहे. ते काढलं की फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात : 'एस' म्हणजे सिनिस्त्रा, डावा, आणि 'डी' म्हणजे देस्त्रा, उजवा. डाव्यासाठी 'एस' खूण जुळवा. चूक होते ती इथे. ही खूण क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला येते, पण टॅपेट कॉम्प्रेशनच्या फेऱ्यातच मोजायचे. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने हलवून बघा. दोघेही किंचित खुळखुळले तर जागा बरोबर आहे. एखादा ताठ असेल तर चाक फिरवून क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या.

मॅन्युअलमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.२२ मिमी दिलं आहे. फीलर गेजचं पातं जाताना हलकंसं धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. ढकलावं लागलं तर घट्ट, पडल्यासारखं गेलं तर सैल. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. हे टाळलेली टॅपेट सेटिंग म्हणजे नुसती करमणूक. शंका आली तर घट्टपेक्षा किंचित सैल पत्करा. सैल टॅपेट टकटक वाजून सांगतो. घट्ट गप्प राहतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तो जळतो.

ऑइलचं गणित : इंजिनात ३ लिटर २०डब्ल्यू-५०, गिअरबॉक्समध्ये ७५० मिली एसएई ९०, मागच्या ड्राइव्हमध्ये एकूण २५० मिली. त्यातलं २३० मिली गिअर ऑइल आणि २० मिली मोलिब्डेनम डायसल्फाइडचं अॅडिटिव्ह. शेवटचे २० मिली गाळू नका. तिथले दाते एकमेकांवर घासत फिरतात आणि साध्या ऑइलचा थर तिथे टिकत नाही.

आता या गाडीचा सगळ्यात इटालियन प्रकार : ऑइल फिल्टर संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) आत आहे. तो बदलायला खालचा अख्खा संप उतरवावा लागतो, नवं पॅकिंग लागतं. कंटाळा करून लोक वर्षानुवर्षं फक्त ऑइल बदलतात. आमचं म्हणणं, दर दुसऱ्या ऑइलला संप उतरवा. फिल्टर हाताने घट्ट बसवा आणि त्याच्या अंगाला एक होज क्लिप आवळा, तिचा स्क्रू अशा जागी ठेवा की फिल्टर सैल होऊ लागला तर तो अडेल. आत फिल्टर सुटला तर बाहेरून काही दिसत नाही, ऑइल प्रेशरचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

आणखी एक. पायाचा ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली गेलं तर दचकू नका. टी३ मध्ये पेडलवर मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकत्र चालतात, हातातल्या लिव्हरवर फक्त पुढची उजवी. सवय झाली की पावसात यासारखं सुख नाही.

डुकाटीची डेस्मो सर्व्हिस एवढी महाग का? व्हॉल्व्हला स्प्रिंग लावली असती तर काय बिघडलं असतं?
— नागपूर

१९५० च्या दशकात बरंच बिघडायचं. रेसच्या वेगाला त्या काळच्या स्प्रिंगा तुटायच्या, किंवा व्हॉल्व्ह वेळेत बंद व्हायचा नाही आणि पिस्टनवर आपटायचा. टालिओनींनी व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि ओढून बंद करायला दुसरा, अशी रचना केली. तीच डेस्मो. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या हेडेमोराच्या शर्यतीत १२५ सीसीची डेस्मो पहिल्याच फटक्यात जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत ती १९६८ मध्ये आली.

खर्चाचं कारण साधं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन मापं, उघडणारं आणि बंद करणारं. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या व्ही-ट्विनमध्ये आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा मापं, आणि माप चुकलं की योग्य जाडीचा शिम (माप जुळवणारा छोटा तुकडा) शोधून बदलायचा. मजुरी त्याची असते. आजच्या स्टीलच्या स्प्रिंगा पुरेशा चांगल्या आहेत हे डुकाटीनेच मान्य केलं : मल्टिस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात साध्या स्प्रिंगा आहेत आणि व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किमीला. जुन्या डेस्मोप्रेमींचा त्यावर रुसवा आहे, तो आम्हाला पटत नाही.

दुबईत वापरलेली मॉन्स्टर एस२आर १००० घेतली. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. विकणारा म्हणाला, नॉर्मल आहे. फसवलं का?
— दुबई

आवाजापुरतं तो खरं बोलला. हा ड्राय क्लच आहे. प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या नसतात. लिव्हर दाबला की त्यांच्यावरचा दाब जातो, आणि त्या बास्केटच्या (प्लेटा धरणाऱ्या डब्याच्या) खाचांत सुट्या खडखडतात. लिव्हर सोडला की प्लेटा दाबल्या जातात, आवाज थांबतो. फायदा असा की प्लेटांची भुकटी इंजिनच्या ऑइलमध्ये जात नाही आणि प्लेट बदलायला ऑइल काढावं लागत नाही. तोटा ट्रॅफिकमध्ये कळतो.

पण ऐकून समाधान मानू नका, उघडून बघा. कव्हर काढा, सहा स्प्रिंगांचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे सैल करा. प्लेटा काढताना क्रमाचा फोटो घ्या, त्याच क्रमाने परत जायच्या आहेत. बास्केटच्या खाचांच्या कडा नखाने चाचपा. बारीक रेघ चालते. प्लेटेचे कान रुतून बसतील असे खड्डे पडले असतील तर प्लेटा सुट्या होणार नाहीत, सिग्नलला न्यूट्रल मिळणार नाही आणि गाडी क्लच दाबूनही पुढे ओढेल. खाचा किसून सपाट करणं हा तात्पुरता इलाज, बास्केट बदलणं हाच खरा. प्लेटा ओलसर दिसल्या तर ऑइल सील गेलं आहे, आधी ते. परत बसवताना स्क्रू जोराने आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. आणि काहीही झालं तरी आवाज कमी करायला प्लेटांना ग्रीस लावू नका, हा सल्ला देणारे भेटतात.

क्लच लिव्हरच्या हायड्रॉलिक नळीतलं ऑइल काळं पडलं असेल तर डावीकडच्या पुढच्या स्प्रॉकेटजवळचा स्लेव्ह सिलिंडर बघा. चेनची घाण आणि इंजिनची उष्णता यांत त्याचं सील मरतं. लिव्हर सकाळी ढिला लागणं ही पहिली खूण.

सगळ्यात आधी मात्र टायमिंग बेल्ट. विकणाऱ्याकडे बदलल्याची पावती नसेल तर ते जुने धरा आणि बदला. या मॉडेलला किलोमीटर कितीही कमी असले तरी दोन वर्षं. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात.

मॉन्स्टर ७९६ ची टाकी पावसाळ्यात काढली, परत बसेना. बोल्टची भोकंच जुळत नाहीत. टाकी कशी वाढेल?
— मडगाव, गोवा

वाढते. आतली टाकी प्लास्टिकची आहे, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणि त्यासोबत येणारा ओलावा शोषून ती फुगते. आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सगळीकडे असल्यामुळे ही तक्रार कमी होणार नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, पेट्रोल पंप काढा, झाकण उघडं ठेवून कोरड्या हवेशीर खोलीत काही आठवडे ठेवा. बरीचशी आकसते, पूर्वीइतकी नेहमीच नाही. ओढूनताणून बोल्ट लावू नका, बिजागरीचा कान तुटेल. पंपाचा ओ-रिंग नवा घाला, जुना फुगून पसरलेला असतो आणि परत खाचेत बसत नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये गाडी उभी करण्याआधी टाकी रिकामी करा. 'टाकी फुल्ल ठेवा, गंजत नाही' हा सल्ला लोखंडी टाकीचा.

अप्रिलिया आरएस ४५७ बारामतीत बनते. मग ती इटालियन कशी म्हणायची?
— फलटण

कारखाना इटलीच्या पियाजो कंपनीचा, आणि अप्रिलिया व मोटो गुझी हे दोन्ही ब्रँड त्याच घरातले. इंजिनाचं म्हणाल तर सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत, व्ही नाहीत. पण क्रँकपिन २७० अंशांनी सरकवल्या आहेत, त्यामुळे स्फोटांची लय पुन्हा तीच : २७० आणि ४५०. म्हणजे पहिल्या उत्तरातला लंगडा ठेका बारामतीत तयार होतो.

जुन्या इटालियन गाड्यांचं वायरिंग कोकणात टिकेल का? घ्यायचं मनात आहे.
— कुडाळ

टिकतं, पण आपसूक नाही. घेतल्या घेतल्या एक रविवार द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला आणि फ्रेमला जिथे जोडली आहे ते बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, परत आवळून वरून व्हॅसलीन लावा. प्रत्येक कपलर सोडवा, हिरवट पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून जोडा. रेग्युलेटर-रेक्टिफायरचा कपलर तपकिरी पडला असेल तर साफ करत बसू नका, तेवढा भाग कापून नवा जोडा. एक गोष्ट मात्र घेण्याआधीच करा : इंजिन तापवून ४,००० आरपीएमला बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर घ्या. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला आहे, किंमत तेवढी पाडून मागा.