वडिलांचं वय ६३. चालताना पाय जड पडतात, एमआरआयमध्ये कंबरेची गादी सरकलेली आहे. ऑपरेशन करावं का?

एमआरआय फक्त कंबरेचाच काढलाय ना? मग आधी ऑपरेशन थांबवा.

आमच्या आप्पांचं असंच सुरू झालं. शेतावरून घरी येईपर्यंत पाय जड व्हायचे, बसले की जरा बरं. पुढे पुढे चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. दारात आले की एक पाय अनवाणी, चप्पल मागे रस्त्यात. कंबरेच्या एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. साठीनंतर कितीतरी जणांची दिसते! ऑपरेशन झालं, फरक शून्य. मग सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं, आणि दोन दिवसांत त्यांना उभं राहता येईना, लघवी तुंबली.

मी म्हणत होतो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. काका म्हणाले, "दारोदार फिरू नका, वय झालंय त्याचं." त्यात चार महिने गेले.

शेवटी एका न्यूरोसर्जननी आप्पांच्या तळव्यावरून किल्ली ओढली. अंगठा वर गेला. ते म्हणाले, मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खालच्या गादीने अंगठा असा वर जात नाही, दोष वर आहे. पूर्ण पाठीचा एमआरआय काढला तर मज्जारज्जू सुजलेला, आणि त्याला लागून गांडुळांसारख्या काळ्या वळणदार रेघा. स्पायनल ड्युरल एव्ही फिस्टुला. म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणातली धमनी थेट शिरेला जोडली जाते, शिरांमधला दाब वाढतो आणि मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडत नाही. यात स्टेरॉइडने तब्येत आणखी बिघडू शकते. जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी केली, जागा सापडली टी-९ला, म्हणजे छातीच्या नवव्या मणक्यापाशी, डावीकडे. एरवी नळीतूनच ग्लू सोडून बंद करता येतं, पण मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी तिथूनच निघत होती. म्हणून मणक्याची मागची कमान काढून, आवरण उघडून ती एक शीर बंद केली.

आता आप्पा काठी घेऊन देवळापर्यंत जातात.

घाबरवायचं नाहीये. हा आजार वर्षाला दहा लाखांत पाच-दहा जणांनाच होतो. तुमच्या वडिलांची नस खरंच कंबरेतच दबलेली असेल, तर ऑपरेशनने आरामही पडेल. फक्त आधी न्यूरोसर्जनकडून तळवा तपासून घ्या, लघवीला काही त्रास होतो का ते वडिलांना विचारा, आणि शंका आली तर छातीच्या मणक्यांचाही एमआरआय काढा. घरातलं कुणी "डॉक्टर बदलू नका" म्हणालं तर ऐकू नका.

काका अजून म्हणतात, "झाला ना बरा शेवटी?" पाय परत आले, लघवी नाही आली. आप्पा दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालतात. ते चार महिने वाया गेले नसते तर ही वेळ आली नसती, असं मला आजही वाटतं.