झेडपी शाळेत पोरांचं शिकणं सुधारायचंय, अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की गावच्या शाळेत ४२ पोरं आहेत, दोनच गुरुजी, चौथीतल्यांना नीट वाचता येत नाही, तर पैसा कुठून आणायचा. मी वणी तालुक्यातला, शेती करतो, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिले हक्काचं पाहा. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर (पोरांच्या संख्येवर) ठरते, पट ३० च्या वर अन् १०० च्या आत असला तर वर्षाला २५ हजारांपर्यंत, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. बाकी खडू, रजिस्टर, लाईट बिल, किरकोळ दुरुस्तीतच संपते. पण त्याचा हिशोब पाहणं हे आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने समितीचं कामच आहे, म्हणून बैठकीत पासबुक मागा, लाजू नका. खोली, संडास, पाण्यासाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी आहे, खाणीच्या भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे (खाणवाल्यांकडून जमा होणारा जिल्ह्याचा निधी, शिक्षण त्याच्या प्राधान्यात येते), अन् गाव पेसात (आदिवासी भागासाठीच्या ग्रामसभा कायद्यात) असेल तर ५ टक्के अबंध निधी, तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते.

आता खरी अडचण. वस्तूंसाठी पैसा मिळून जातो, माणसासाठी मिळत नाही. आमच्याकडे एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, मोठा टीव्ही दिला, फोटो झाले, पुढं बिल थकलं अन् लाईन कापली, सहा महिने तो टीव्ही चादरीखाली होता आणि त्याच्याच समोर चौथीतली पोरगी बोट ठेवून "क...पा...शी" असं एकएक अक्षर जोडत बसली होती. ते पाहून मला रात्री झोप नाही आली.

मग आम्ही कापूस विकल्यावर घरटी वर्गणी केली अन् गावातल्याच डीएड झालेल्या ताईला मानधनावर ठेवलं, रोज शाळा सुटल्यावर दीड तास, जे पोरगं जिथं अटकलं तिथून, इयत्ता न पाहता. व्हरांड्यात दोरी बांधून गोष्टीची पुस्तकं लटकवली, कपाटात कुलूप लावून नाही ठेवली. दिवाळीला सुरू केलं, होळीपर्यंत ती पोरगी धडा वाचू लागली.

म्हणून कंपनीकडे किंवा ट्रस्टकडे जाल तर टीव्ही मागू नका, ह्या ताईचं दोन वर्षांचं मानधन मागा, कारण वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही. समितीचा ठराव, यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), महिन्याचा खर्च, एवढं एका पानात बसवा. पुस्तकं, बेंच असं काही लागलं तर मुख्याध्यापकांना विद्यांजली पोर्टलवर (शाळांना मदत मिळवून देणारी सरकारी वेबसाइट) मागणी टाकायला सांगा.

अन् त्याआधी ह्या शनिवारी शाळेत बसून एकेका पोराला एक परिच्छेद वाचायला द्या, कितीजण वाचतात ते मोजा. अर्जाची पहिली ओळ तीच लिहा. जिल्हा कोणता तुमचा, कमेंटमध्ये सांगा, अर्जाचा कच्चा मसुदा मी पाहून देतो.