पोकलेनमधील ‘इंजिन कम्युनिकेशन’ दोष: ईसीएम बदलण्यापूर्वी काय तपासावे

आपल्या प्रश्नातली परिस्थिती थोडक्यात अशी आहे: चिपळूणजवळच्या साइटवर २० टनी पोकलेन चालू आहे, काम करताना मध्येच डिस्प्लेवर इंजिनाशी संपर्क तुटल्याचा इशारा येतो, आरपीएम खाली येऊन तिथेच अडकतो, चावी बंद करून पुन्हा दिली की यंत्र तास-दोन तास नीट चालते, दोष वाचणाऱ्या टूलमध्ये एसपीएन ६३९, एफएमआय ९ असा कोड मिळाला आहे, आणि मेकॅनिकने इंजिनाचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कंट्रोलर, म्हणजे छोटा संगणक) बदलण्यास सांगितले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की ईसीएमची ऑर्डर इतक्यात देऊ नका. अशा तक्रारींत ईसीएम खरोखर बिघडलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. दोष बहुतेक वेळा वायरमध्ये, कपलरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये सापडतो.

एसपीएन ६३९ म्हणजे जे-१९३९ या पद्धतीने चालणारे यंत्रातील संदेशवहनाचे जाळे, आणि एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित संदेश ठरलेल्या वेळेत आला नाही. ज्या कंट्रोलरमध्ये हा कोड नोंदला गेला, तो फक्त ‘मला निरोप मिळाला नाही’ एवढेच सांगत असतो. निरोप का मिळाला नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक कंट्रोलरमधील कोड वेगवेगळे लिहून काढा आणि कोणाविषयी सर्वजण तक्रार करत आहेत ते पाहा. सगळे एकट्या इंजिनाविषयी तक्रार करत असतील तर शोध इंजिनाच्या फांदीपुरता मर्यादित होतो. सगळेच एकमेकांविषयी तक्रार करत असतील तर मुख्य जोडवायरीवरच काहीतरी आहे असे समजावे.

चावी बंद-चालू केल्यावर दोष जातो, यावरून ‘सॉफ्टवेअर अडकते आहे’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो घाईचा आहे. जे-१९३९ ज्या दोन वायरींच्या कॅन पद्धतीवर चालते, तिच्यात प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुकलेल्या संदेशांची मोजणी ठेवतो, आणि पाठवण्यातील चुकांचा हा आकडा २५५ च्या पुढे गेला की इतरांना त्रास होऊ नये म्हणून तो स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतो. चावी फिरवल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते आणि सर्व ठीक झाल्यासारखे वाटते. वायरीतील मूळ दोष मात्र जागेवरच राहतो.

तपासणीची सुरुवात विजेपासून करा. ज्या कंट्रोलरला पुरेसा पुरवठा मिळत नाही तोही गप्प बसतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो संपर्काचाच दोष दिसतो. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि एसी लावून, ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमध्ये व्होल्टेज मोजा, ते ०.२ व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंगची वायर, तिचा बोल्ट आणि त्याखालचा रंग किंवा गंज आधी साफ करा. पुरवठ्याच्या पॉझिटिव्ह बाजूचीही अशीच तपासणी करा, कारण फ्यूज शाबूत असूनही रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात.

यानंतर बकेट जमिनीवर टेकवून, सेफ्टी लिव्हर लॉक करून, इंजिन बंद करा. ईसीएमचे काम आटोपेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा, मगच मेन स्विच काढा आणि कॅन-हाय व कॅन-लो या संदेश वाहणाऱ्या दोन वायरींमधील रेझिस्टन्स मोजा. नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक कपलर असेल तर या बहुधा सी आणि डी पिना असतात, आणि वायरींचे रंग बहुधा पिवळा व हिरवा असतात. तरीही आपल्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरून खात्री करून घ्या. जोडवायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि दोन्ही समांतर असल्यामुळे मीटरवर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर किंवा त्याच्याकडे जाणारी वायर तुटलेली आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. काही यंत्रांत हा रेझिस्टर ईसीएमच्या आतच असतो, त्यामुळे ईसीएमचा कपलर काढून मोजल्यास १२० येणे तिथे स्वाभाविक आहे.

आपला दोष येतो-जातो, म्हणून उभ्या यंत्रावर ६० ओहम आले तरी समाधान मानू नका. मीटर लावलेला ठेवून हेल्परला हार्नेस (वायरींचा जुडगा) टप्प्याटप्प्याने हलवायला सांगा, प्रत्येक क्लॅम्पजवळ थांबा आणि आकड्यावरची नजर काढू नका. असाच दोष असलेल्या एका यंत्राचा ईसीएम माझ्याकडे काम येण्यापूर्वी दोनदा बदलला गेला होता. बॅटरी बॉक्सच्या मागे एका क्लॅम्पचा रबर गळून गेला होता आणि पत्र्याच्या कडेने हार्नेसवरची नळी नखाएवढी कापली होती. आतली हिरवी वायर बाहेरून अखंड दिसत होती, पण बोटांनी ताणताच ती त्या जागी रबरासारखी लांबली, कारण आतील तांबे तुटून काळी-हिरवी भुकटी झाले होते. हात लावला की मीटर ६० वरून ११८ वर जाई आणि सोडला की परत येई. पावसाळ्यात कोकणात अशी जागा फार लवकर कुजते.

रेझिस्टन्स बरोबर असेल तर चावी देऊन प्रत्येक वायरचे चासीशी व्होल्टेज पाहा. संदेश चालू असताना साध्या मीटरवर कॅन-हाय २.५ च्या किंचित वर आणि कॅन-लो किंचित खाली दिसते, आणि दोघांची बेरीज साधारण ५ व्होल्ट येते. एखादी वायर शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर बसली असेल तर ती कुठेतरी अर्थला किंवा पुरवठ्याला चिकटली आहे. अशा वेळी एकेक कंट्रोलर सोडवत जा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज पूर्ववत होते, त्या फांदीत दोष आहे. मात्र प्रत्येक वेळी कपलर काढण्यापूर्वी चावी बंद करा.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, म्हणून मुद्दाम विचारतो: यंत्रावर नंतर जीपीएस किंवा डिझेल मोजणारे उपकरण बसवले आहे का? असे उपकरण पुष्कळदा कॅन वायरी सोलून, लांबच लांब न पिळलेल्या तारांनी, वर साधी चिकटपट्टी गुंडाळून जोडलेले असते, आणि त्याच्या आत आणखी एक १२० ओहमचा रेझिस्टर असला की वर सांगितलेले ४० ओहम दिसतात. ते असेल तर पूर्ण सोडवून दोन दिवस यंत्र चालवून पाहा.

तपासताना वायरीच्या आवरणात सुई टोचू नका, कारण त्या छिद्रातून पाणी आत जाते आणि सहा महिन्यांनी तिथेच नवा दोष तयार होतो. प्रोब कपलरच्या मागून घाला. जोड द्यावा लागलाच तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा आणि दोन्ही वायरींचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत कायम ठेवा.

आता मला तीन आकडे कळवा: मेन स्विच बंद असतानाचा रेझिस्टन्स, चावी दिल्यावरची दोन्ही व्होल्टेज, आणि अर्थिंगमधील व्होल्टेज. शक्य झाल्यास इशारा आला त्या क्षणी ऑपरेटर बूम उचलत होता, स्विंग करत होता की यंत्र नुसते उभे होते, हेही विचारून लिहा. या वर्गातल्या पोकलेनमध्ये इंजिन, पंप आणि केबिन हे सर्व वरच्या फिरत्या भागातच असल्यामुळे स्विंग केल्याने ही वायर पिळली जात नाही. पण धक्का बसतो, आणि तो कोणत्या क्लॅम्पपाशी बसतो हे त्या उत्तरावरून ठरवता येईल.